आमच्या वाट्याची दक्षिण

दोस्तहो, एक काम करा. जाडजूड शब्दकोश उघडा आणि 'दक्षिण' हा शब्द काढा. उजवा. कुशल. कामात तरबेज. सरळ मनाचा. आणि एक दिशा. ह्या अर्थांत कुठं विटाळ नाही, मढं नाही, शिवी नाही. इतका सज्जन शब्द. मग गावाच्या वेशीपाशी पोचेपर्यंत तो एवढा नासला कसा? कुणी नासवला? मला त्याचा हिशेब मांडायचाय. मी पंडित नाही. मॅट्रिक झालोय, गोदीत ओझी वाहतो, पाळी सुटली की कविता लिहितो. पण ज्या शब्दानं आमच्या घराची जागा ठरवली त्या शब्दाची झडती घ्यायला संस्कृतची पदवी लागत नाही.

सुरुवात अगदी साधी आहे. माणूस सकाळी उगवतीकडं तोंड करून उभा राहिला. समोर आलं ते पूर्व, म्हणजे पुढचं, आधीचं. पाठीशी राहिलं ते पश्चिम, म्हणजे मागचं. डाव्या हाताला उत्तर, म्हणजे वरचं. उजव्या हाताला दक्षिण. बस्स, एवढाच ह्या शब्दाचा जन्म. उजवा हात म्हणजे काम करणारा हात, म्हणून दक्षिण म्हणजे कुशल. 'दक्ष' त्याच घरातला. बाईमाणसाशी अदबीनं वागणं ते दाक्षिण्य, तेही त्याच घरातलं. देवाला उजव्या हाताला ठेवून फेरी मारायची ती प्रदक्षिणा. आणि भटजीच्या हातावर ठेवायची ती दक्षिणा.

ह्या दक्षिणेवर जरा थांबू. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. लांबलांबून लोक घ्यायला यायचे. १८१८ साली पेशवाई बुडाली, दक्षिणा बुडाली नाही. कंपनी सरकारनं ती चालू ठेवली. त्यातल्या पैशातून १८२१ साली पुण्यात संस्कृतची पाठशाळा निघाली, तिचंच पुढं डेक्कन कॉलेज झालं. डेक्कन म्हणजे दख्खन, दख्खन म्हणजे दक्षिण. पैसा दक्षिणेचा आणि नावही दक्षिणेचं. १८४९ साली काही सुधारकांनी अर्ज केला, की ह्यातला पैसा मराठी पुस्तकांकडं वळवा. पुण्याच्या सनातन्यांनी गहजब केला. तेव्हा त्या सुधारकांच्या पाठीशी जोतिराव फुले माणसं घेऊन उभे राहिले.

सांगायचं एवढंच, की हा शब्द नाण्याच्या रूपात हातावर पडला तेव्हा त्यांना तो अमंगळ वाटला नाही. हात धुऊन घ्यावासा वाटला नाही. मग दिशा म्हटलं की लगेच यम कुठून आला?

दक्षिण यमाची. दक्षिणेकडं पाय करून झोपू नये. दक्षिणेकडं दिव्याची वात करू नये, वर्षातनं एकदा धनत्रयोदशीला करायची, ती पण यमासाठी. पितरांचं पाणी दक्षिणेकडं तोंड करून. हे तुम्ही-आम्ही ऐकतच वाढलो. कुणी म्हणेल, जाऊ द्या राव, म्हाताऱ्या माणसांच्या समजुती. समजुती असत्या तर मी शाई खर्च केली नसती. हा कायदा होता. मनुस्मृतीच्या ५ व्या अध्यायातला ९२ वा श्लोक बघा. नगरातनं मढं कुठल्या दारानं बाहेर काढायचं ते त्यात लिहिलंय. ब्राह्मणाचं पूर्वेच्या, क्षत्रियाचं उत्तरेच्या, वैश्याचं पश्चिमेच्या. आणि शूद्राचं दक्षिणेच्या दारानं. माणूस मेला, देह थंड झाला, तरी त्याची जात दार विचारतेच.

आणि त्याच ग्रंथाच्या २ ऱ्या अध्यायातला ५२ वा श्लोक बघा. जेवायला बसताना कुठं तोंड केलं की काय मिळतं त्याची ती यादी. पूर्वेला आयुष्य, पश्चिमेला संपत्ती, उत्तरेला सत्य. आणि दक्षिणेला? यश! वाचलं ना नीट? द्विज ताटावर बसून दक्षिणेकडं बघतो तेव्हा दक्षिण म्हणजे यश. शूद्राचं मढं निघतं तेव्हा दक्षिण म्हणजे मागचं दार. पुस्तक एकच, लिहिणारा एकच, दिशा तीच. फरक फक्त माणसात. शूद्राला मेल्यावर निदान एक दार तरी होतं. चांडाळाला तर १० व्या अध्यायात गावाबाहेरच राहायचा हुकूम आहे, रात्री गावात फिरायची बंदी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही चांडाळाची वस्ती मसणवट्याच्या कडेला. ज्याला नगरातच घेतलं नाही त्याला दार कशाला पाहिजे? २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली ती उगाच नाही. त्या आगीत हे दारही होतं.

पण कागद जळाला, नकाशा जळला नाही. बाबासाहेबांनी पुढं हिंदू गावाच्या अलिखित कायद्याची इंग्रजीत यादी करून ठेवली. अस्पृश्यानं काय केलं की गुन्हा होतो त्याची ती यादी. सरकारनं १९८९ साली छापलेल्या त्यांच्या लिखाणाच्या ५ व्या खंडात ती आहे. त्यात एक कलम दिशेचंच आहे. अस्पृश्यांची वस्ती गावाच्या दक्षिणेलाच पाहिजे, कारण चारी दिशांत दक्षिण सगळ्यांत अशुभ, आणि हे मोडलं तर गुन्हा. म्हणजे घर बांधणं हाही गुन्हा होऊ शकतो, भिंत चार हात इकडं सरकली म्हणून.

आता तुमच्यातला एखादा हुशार पोरगा हात वर करील. म्हणेल, आमच्या गावात वस्ती पूर्वेला आहे. आमची ओढ्याच्या पलीकडं आहे. असेल भावा. मी नाही म्हणत नाही. गावागावात फरक आहे. जिकडून वारा येतो तिकडं पाटलाची माडी, आणि वारा गावावरून पुढं जातो तिकडं आपली झोपडी, म्हणजे आपल्या अंगावरचा वारा त्यांच्या नाकात जाऊ नये. नदीचा वरचा घाट त्यांचा, आणि त्यांनी धुऊन, खंगाळून खाली सोडलेलं पाणी आपलं. वारा आणि पाणी जिकडं ढकलतील तिकडं आपण. तेव्हा पूर्वेला वसवलं असलं तरी ती आपली दक्षिणच. दक्षिण ही दिशा नव्हती, नेमणूक होती. येसकराच्या काठीसारखी पिढीजात.

हे खोटं वाटत असेल तर देवांकडं बघा. मारुतीचं तोंड दक्षिणेला असलं की तो दक्षिणमुखी, जागृत, शनिवारी रांग लागते. उज्जैनचा महाकाल दक्षिणमुखी, म्हणून त्याचं महत्त्व जास्त. शंकर दक्षिणेकडं तोंड करून शिकवायला बसला की दक्षिणामूर्ती, गुरूंचा गुरू. गोदावरी म्हणजे दक्षिण गंगा. कोल्हापूर म्हणजे दक्षिण काशी. देवाचं दार दक्षिणेला तर नवसाला पावतो, माझ्या आजाचं दार दक्षिणेला तर सावली पडू देऊ नका! आणि २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा काय झालं? त्या देवळाला चार बाजूंना चार दरवाजे. आपली माणसं चारही दरवाज्यांवर बसली. पूर्वेचा बंद, पश्चिमेचा बंद, उत्तरेचा बंद, दक्षिणेचाही बंद. तिथं अशुभ दिशा कुठली होती मग? दिशेचं कारण सांगणं हा बामणी कावा आहे. अडवायचं माणसाला आणि बोट दाखवायचं होकायंत्राकडं.

निसर्गाला तर ह्यांचं हे गणित ठाऊकच नाही. वास्तुवाले ज्या कोपऱ्याला सगळ्यांत जास्त घाबरतात तो नैर्ऋत्य. दक्षिण आणि पश्चिम ह्यांच्या मधला. नावच निर्ऋतीवरून, नाशाची ती देवता. आणि पाऊस कुठून येतो? नैर्ऋत्येकडून! नैर्ऋत्य मोसमी वारे आम्ही भूगोलात पाठ केलेत. जूनमध्ये ह्या अमंगळ कोपऱ्यातनं ढग आले नाहीत तर पूजेला तांदूळ मिळणार नाहीत. सूर्य दक्षिणायनात असतो ते सहा महिने म्हणे देवांची रात्र, तेव्हा शुभकार्य नको. पेरणी, लावणी, खुरपणी, कापणी, सगळा खरीप त्याच सहा महिन्यांतला. देव झोपतात तेव्हा आमच्या आया चिखलात वाकलेल्या असतात. त्यांना कुणी मुहूर्त विचारला?

गोदीत जगभरची जहाजं लागतात. त्यामुळं एक कळतं, की जग आपल्या वेशीपाशी संपत नाही. अरब माणूसही पूर्वीपासून उगवतीकडं तोंड करूनच दिशा मोजत आला. त्याच्याही उजव्या हाताला दक्षिणच आली. त्यानं उजव्याला यमीन म्हटलं आणि दक्षिणेच्या मुलखाला यमन. आणि त्याच मुळातनं त्याच्या भाषेत शुभ, बरकत असा शब्द निघाला. सूर्य तोच, उजवा हात तोच, दिशा तीच. तिथं बरकत आणि इथं यम! चिनी माणसाचं तर ऐका. ज्या सुईनं जहाजं दर्या ओलांडतात त्या होकायंत्राला त्याच्या भाषेत दक्षिण दाखवणारी सुई म्हणतात. आपण म्हणतो सुई उत्तर दाखवते. अरे, सुईला दोन टोकं असतात. कुठल्या टोकाला मान द्यायचा हे सुई ठरवत नाही.

लांब कशाला, ह्याच मुंबईत बघा. गावात ज्या दिशेला थुंकतात ती दिशा मुंबईत सगळ्यांत महाग. मलबार हिल दक्षिण मुंबई. कफ परेड दक्षिण मुंबई. नरिमन पॉइंट दक्षिण मुंबई. 'साउथ बॉम्बे' म्हणताना शेटच्या पोराची मान कशी ताठ होते ते ऐका एकदा. तिथं कुणी म्हणत नाही, की अख्खा भाग यमाच्या दिशेला आहे, चला आपण मानखुर्दला राहायला जाऊ. आणि आपण? चाळ पडली की उत्तरेला, झोपडी तुटली की उत्तरेला. गोवंडी, अंबरनाथ, बदलापूर, विरार. गावात दक्षिणेला ढकललं, शहरात उत्तरेला ढकललं. ज्या दिशेला जमीन महाग ती त्यांची, स्वस्त ती आपली. शास्त्र मागाहून लिहिलं जातं.

२३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. फटाके वाजले, पेढे वाटले, मीही खाल्ला. देशाची छाती दक्षिणेमुळंच फुगली होती त्या दिवशी. आमच्या गावाच्या दक्षिणेला अजून डांबर पोचलेलं नाही. चंद्रावरची दक्षिण जवळ आणि गावातली लांब.

आता सरकारचं ऐका. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं निर्णय काढला, की वस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकायची. महारवाडा, मांगवाडा ही नावं जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी यायची. चांगलं केलं. शिवी पुसली ते चांगलंच. पण दोस्तहो, पाटी बदलली, पाटी ज्या खांबाला आहे तो खांब कुठं उभा आहे? तिथंच. समतानगर गावाच्या बाहेरच. क्रांतीनगरला जायचा रस्ता ओढ्यातनंच. पाटीवर समता आणि पायाखाली चिखल.

मागच्या पावसाळ्यात माझी चुलती वारली. आमचा मसणवटा दक्षिणेलाच, ओढ्याच्या कडेला, गावाचा वेगळा. गावाच्या मसणवट्यात पत्र्याची शेड आहे, आमच्यात आभाळ आहे. तिकडं जायची जुनी पायवाट एका बागायतदाराच्या उसातनं जाते, त्यानं काटेरी तार ओढलीय. ओढ्याला कमरेएवढं पाणी. आम्ही चौघं खांद्यावर घेऊन पाण्यातनं गेलो. ओझं उचलायची मला सवय आहे, पण ते ओझं अजून उतरलेलं नाही. सरपण भिजलं, रॉकेल नाही, दुपारपासनं संध्याकाळपर्यंत फुंकत बसलो. तेव्हा मला मनूच्या त्या श्लोकाचा अर्थ कळला. तो श्लोक पुस्तकात नाही, तो त्या तारेत आहे. संविधानाच्या १७ व्या कलमानं १९५० सालीच अस्पृश्यता गाडली. पण गाडायला जागा कुठं दिली, तर दक्षिणेलाच!

इथपर्यंत तुम्ही माना हलवल्या असतील. आता जे लिहितो ते झोंबेल. झोंबू द्या.

आपलाच एक भाऊ. शिकला, साहेब झाला, जयंतीला पांढरा सदरा घालून स्टेजवर बसतो, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. कल्याणला फ्लॅट घ्यायला निघाला. मला म्हणाला, "चल रे, तू पण बघ." फ्लॅट चांगला होता, हवेशीर, भावही कमी. दलाल म्हणाला, "साहेब, साउथ फेसिंग आहे म्हणून रेट कमी." झालं. साहेबांचा चेहरा उतरला. जिना उतरताना मी म्हटलं, "दादा, हे काय?" तर म्हणाला, "माझा विश्वास नाही रे. पण घरात बरं वाटत नाही, आणि उद्या विकायला गेलो तर गिऱ्हाईक मिळत नाही."

दादा, तुझ्या गिऱ्हाइकाचं राहू दे. तुझा आजा ज्या दिशेला जन्मला, राबला आणि मेला, त्या दिशेला तू अपशकुनी म्हणतोस? मनू म्हणत होता ते तू पदरचे पैसे देऊन म्हणतोस! वास्तुवाल्याला फी देतोस, ती पण दक्षिणाच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो माणसांनी देव सोडले, पितर सोडले, श्राद्ध सोडलं. यम सोडायचा राहिला का? की फ्लॅटच्या दाराला बांधून ठेवलाय?

बुद्धानं ह्या दिशांचं काय केलं ते तरी वाच. राजगृहात सिगाल नावाचा पोरगा होता. बापानं मरताना सांगितलेलं, म्हणून रोज पहाटे ओल्या अंगानं, ओल्या केसांनी सहा दिशांना नमस्कार घालायचा. बुद्धानं त्याला हिणवलं नाही. म्हणाला, दिशा अशा पुजायच्या नसतात. पूर्व म्हणजे आईबाप. पश्चिम म्हणजे बायकापोरं. उत्तर म्हणजे मित्र, सोबती. वरची दिशा श्रमण-ब्राह्मणांची. खालची दिशा नोकरांची, कामगारांची. आणि दक्षिण? दक्षिण म्हणजे शिक्षक! ज्या दिशेला त्यांनी यम बसवला तिथं बुद्धानं मास्तर बसवला. नमस्कार म्हणजे काय, तर त्या त्या माणसाशी नीट वागणं. कामगार खालच्या दिशेला, हे मला गोदीवाल्याला जरा खुपतं, खोटं कशाला बोलू? पण तिथं मालकानं काय करायचं ते आधी सांगितलंय. ताकदीप्रमाणे काम द्या, जेवण द्या, मजुरी द्या, आजारी पडला तर बघा, चांगलंचुंगलं वाटून खा, वेळेवर सुट्टी द्या. आमच्या ठेकेदारानं ह्या सहांतली एक जरी दिशा पाळली असती तरी मी त्याला नमस्कार घातला असता.

म्हणजे दिशांचे अर्थ बदलता येतात. अडीच हजार वर्षांपूर्वी एकानं बदलून दाखवले. मग आपण का नाही? पण नुसता शब्दाचा अर्थ बदलून भागणार नाही. कवितेत दक्षिणेला सूर्य उगवून दाखवणं सोपं आहे, मीही दाखवतो. ओढ्यावर पूल कवितेनं होत नाही.

म्हणून जे गावाकडं जातात त्यांनी पुढच्या ग्रामसभेत एकच मागणी लावून धरायची. मसणवटा एक. रस्ता एक. गावठाण वाढेल तेव्हा नवी घरं जातीनं वाटायची नाहीत, सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून वाटायची. पाटलाच्या पोराच्या नावाची चिठ्ठी दक्षिणेची निघाली तर त्यानं तिकडं राहायचं, आपली उत्तरेची निघाली तर आपण इकडं. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ठरावात लिहून घ्या. 'बघू' म्हणाले तर उठायचं नाही. आणि जे शहरात घर घेतात त्यांनी दलालाला सरळ सांगायचं, दक्षिणेचं दार दाखव. स्वस्त मिळतंय म्हणून नव्हे. त्या दाराशी उभं राहून आपल्या आज्यापणज्याला सांगता यावं म्हणून, की बाबा, तुझी दिशा अशुभ नव्हती, तुला तिकडं ढकलणारे हात अशुभ होते.

उत्तर ह्या शब्दाचा मराठीत आणखी एक अर्थ आहे, जवाब. ते उत्तरेला राहिले आणि जवाब द्यायचं विसरले. आता दक्षिणेकडून प्रश्न निघालाय. तारेच्या अलीकडून विचारतोय. तार काढता की आम्ही काढू?